लीन आमच्या गेटवरच अडकलंय : पुरवठा साखळीत वाया जाणारा माल, वेळ आणि श्रम

बारा-तेरा पाना

एका असेंब्ली कारखान्यात मी मटेरियल प्लॅनिंग बघतो. या कामात १९ वर्षं झाली. गेली सहा वर्षं आमच्याकडे लीनचं, म्हणजे वाया जाणारं सगळं कमी करण्याचं, काम नेटाने चालू आहे आणि कारखान्याच्या आत त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. लाइनशेजारी जिथे मालाचे ढीग असायचे तिथे आता खुणा केलेले रॅक आहेत. स्टोअरमधला साठा ११ दिवसांवरून ३ दिवसांवर आला. त्याबद्दल आमच्या विभागाचं कौतुकही झालं.

गेल्या महिन्यात ब्रॅकेट (पत्र्याचे आधाराचे तुकडे) बनवणाऱ्या एका पुरवठादाराकडे गेलो होतो. शेडच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली ट्रॉल्या उभ्या होत्या. एक ताडपत्री उचलून पाहिली तर सगळे पार्ट नंबर आमचेच. मोजल्या, तर ९ दिवसांचा तयार माल. पूर्वी त्यांच्याकडे २ दिवसांचा असायचा. डिस्पॅच बघणाऱ्या माणसाला विचारलं, एवढा का ठेवता? तो म्हणाला, "साहेब, तुमचं शेड्यूल संध्याकाळी सहाला बदलतं आणि गाडी सकाळी आठला हवी असते. रात्रीत डाय (मशीनवरचा साचा) बदलून माल काढायचा म्हटलं तर झोपायचं कधी?"

आमच्याकडे ८ दिवस कमी झाले, त्यांच्याकडे ७ वाढले. सहा वर्षांच्या मेहनतीतून अख्ख्या साखळीचा एक दिवस वाचला! परत येताना गाडीत कुणाशी बोलावंसं वाटेना.

टोयोटा या जपानी कार कंपनीत ताईची ओनो या अभियंत्याने वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले, ते या चर्चामंचावर बहुतेकांना माहीत असतील : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. त्यात जास्त उत्पादन सगळ्यांत वाईट, कारण बाकीचे प्रकार त्याच्या आड लपतात. पण आपण हे सात प्रकार स्वतःच्या चार भिंतींतच शोधतो. कागदावर वेगळ्या कंपन्या असल्या तरी माल एकाच प्रवाहातून वाहतो, आणि गिऱ्हाईक शेवटी त्या सगळ्या प्रवाहाचे पैसे देतं.

तर विचारायचंय ते हे. दोन किंवा अधिक कंपन्या मिळून खरोखर काही कमी केल्याचा अनुभव कुणाला आहे का? ढकललं नाही, कमी केलं, असा. पुरवठादारांच्या बाजूने कुणी लिहिलं तर फार बरं होईल.


प्रेसशॉप

मी त्या ताडपत्रीच्या पलीकडचा माणूस, तुमच्यासारख्या कंपन्यांना पार्ट देणारा. आमचं छोटं युनिट आहे, आठ प्रेस (पत्रा कापायची-वाकवायची मशीन), दोन वेल्डिंग सेल. तुम्ही येऊन ताडपत्री उचलून पाहिलीत हेच मोठं. आमच्याकडे येणारे बहुतेक ऑडिटवाले बोर्डावरचे चार्ट बघतात, शेडच्या मागे जात नाहीत.

आमच्या बाजूचं गणित मांडतो. डाय बदलायला पूर्वी आम्हाला सरासरी तीन तास लागत. नग निघतो सहा सेकंदांत, म्हणजे तासाला ६००. तुम्हाला रोज ४०० नग हवेत. तुमच्या पद्धतीने रोजच्या रोज बनवायचे तर ४० मिनिटं प्रेस चालवायला मी १८० मिनिटं सेटअप करणार. म्हणून आम्ही एकदा डाय चढवली की ४,००० काढायचो. दहा दिवसांचा माल. तुमच्याकडचा पर्चेसवाला म्हणतो, "तुम्ही लीन नाही." सेटअपला तीन तास लागतात तोवर मोठा लॉट हेच आमचं शहाणपण आहे.

दुसरं म्हणजे शेड्यूल. महिन्याच्या सुरुवातीला जे येतं आणि महिनाअखेर जे उचललं जातं, त्यात एखाद्या पार्टला निम्म्याचा फरक असतो. जास्त उचललं तर रात्रपाळी आणि वेगळी गाडी. कमी उचललं तर माल माझ्या शेडमध्ये, पैसे अडकलेले, आणि पत्र्याची कॉइल देणाऱ्याचं बिल मात्र ठरल्या तारखेला. कुणी व्हीएमआय (साठा पुरवठादारानेच सांभाळायचा) म्हणतं, कुणी कन्साइनमेंट (वापरेपर्यंत माल पुरवठादाराच्याच मालकीचा) म्हणतं. नाव कुठलंही द्या, मालकी माझ्याकडे आली म्हणून नग कमी होत नाहीत.


आकडेमोड

प्रेसशॉप यांनी सांगितलेला निम्म्याचा फरक कुणाच्या बेशिस्तीमुळेच येतो असं नाही. सगळे शहाण्यासारखे वागले तरी येतो. कागदावर करून बघा.

तीन पायऱ्या धरा : असेंब्ली, पार्ट पुरवठादार, कच्चा माल पुरवठादार. प्रत्येकाचा नियम साधा : जेवढी मागणी आली तेवढी भरून काढायची आणि दोन आठवड्यांच्या मागणीइतका साठा ठेवायचा. आठवड्याला १०० ची विक्री वर्षभर स्थिर आहे, सगळ्यांकडे २०० साठा आहे.

एका आठवड्यात विक्री ११० झाली आणि पुढे तिथेच राहिली. असेंब्लीवाल्याला ११० भरून काढायचे आणि साठा २२० करायचा, म्हणून त्याची ऑर्डर १३०. पार्टवाल्याला मागणी १०० ची १३० झालेली दिसते. तो १३० भरणार आणि साठा २६० करणार : ऑर्डर १९०. कच्च्या मालवाल्याला १९० दिसतात, त्याचा साठा ३८० हवा, म्हणून तो ३७० चं उत्पादन लावतो. गिऱ्हाइकाने १० टक्के जास्त घेतलं, टोकाला जवळजवळ पावणेचार पट काम निघालं.

पुढचा आठवडा बघा. विक्री ११० च, असेंब्लीची ऑर्डर ११०. पार्टवाल्याला १३० ची ११० झालेली दिसते, त्याचा साठा आता ४० ने जास्त, म्हणून ऑर्डर ७०. कच्च्या मालवाल्याचं गणित उणे १७० वर जातं. म्हणजे गेल्या आठवड्यात रात्रपाळ्या करून ३७० काढले, या आठवड्यात शून्य, आणि १७० नग फाजील पडून.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जे फॉरेस्टर या प्राध्यापकांनी १९५८ मध्येच हे मांडलं होतं. पुढे नव्वदच्या दशकात त्याला बुलव्हिप इफेक्ट हे नाव रूढ झालं. मुठीजवळ चाबूक थोडासा हलतो, टोकाला मोठा फटकारा बसतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं लहान मुलांच्या डायपरचं उदाहरण प्रसिद्ध आहे. बाळं काही आठवड्याआड जास्त-कमी डायपर वापरत नाहीत, तरी कारखान्यापर्यंत येणाऱ्या ऑर्डरी आणि तिथून कच्च्या मालाच्या ऑर्डरी प्रचंड वरखाली व्हायच्या.

माझं मत असं की साखळीत लीनची सुरुवात मुडापासून करूच नये. मुडा म्हणजे वाया जाणं, मुरा म्हणजे असमानता, चढउतार, आणि मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपणार नाही इतका ताण. साखळीत क्रम बहुतेक वेळा मुरा, मग मुरी, मग मुडा असा लागतो. तुमच्या शेड्यूलचा मुरा प्रेसशॉपकडे रात्रपाळीची मुरी झाला आणि ताडपत्रीखालचा मुडा झाला.


बारा-तेरा पाना

आकडेमोड, तुमचं वाचून काल रात्री मी आमचेच आकडे काढून बसलो. एक ब्रॅकेट निवडला. गेल्या २६ आठवड्यांत आमच्या लाइनवर तो दर आठवड्याला किती वापरला गेला आणि आम्ही पुरवठादाराला किती मागितला, हे शेजारी शेजारी लावलं. लाइनचा वापर १,९०० ते २,२०० च्या मध्ये. आमची मागणी कमीत कमी ६०० आणि जास्तीत जास्त ४,१००.

गिऱ्हाइकाची मागणी हलते म्हणून शेड्यूल हलतं, असं मी १९ वर्षं पुरवठादारांना सांगत आलो. हा चढउतार गिऱ्हाइकाकडून आलेला नाही. आमच्या सिस्टिममधले लॉट साइजचे जुने आकडे, महिनाअखेर साठा कमी दाखवण्याची धडपड आणि मग पहिल्या आठवड्यात एकदम उचल, यातून तो आम्हीच तयार केलाय. हे इथे लिहिताना जड जातंय, पण लिहायलाच हवं.


गेज ब्लॉक

मी इनवर्ड क्वालिटी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी, बघते. साठ्याबद्दल सगळे बोलतायत, सदोष मालाबद्दलही बोलायला हवं, कारण साखळीत दोष किती झाले यापेक्षा ते किती उशिरा सापडले याची किंमत मोठी असते.

टोयोटा उद्योगाचा पाया घालणारे साकिची टोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग आठवा. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड विणलं जात नव्हतं आणि एका माणसाला बरेच माग सांभाळता येत होते. टोयोटाची जिदोका ही कल्पना तिथून आली : दोष झाला की तिथेच थांबायचं, पुढे जाऊ द्यायचं नाही.

आता साखळीत बघा. पुरवठादाराच्या नगातल्या भोकांचा पिच (भोकांमधलं अंतर) सोमवारी पहिल्या पाळीत बिघडला. त्याच्याकडे ९ दिवसांचा माल, वाटेत १ दिवस, आमच्याकडे ३ दिवस. आमच्या लाइनवरची मुलगी "बोल्ट बसत नाही" म्हणते तेव्हा १३ दिवस झालेले असतात, आणि रोजचे ४०० धरले तर ५,२०० नग संशयित असतात. मग आमची चार माणसं त्यांच्या शेडमध्ये बसून निवडानिवडी करतात. आणि बिघाडाचं कारण? १३ दिवसांपूर्वी त्या पाळीवर कोण होतं, भोक पाडणारा कुठला पंच लावला होता, कॉइलचा कुठला लॉट होता, कुणाला आठवणार? कारण हाती लागत नाही म्हणून पुन्हा तोच दोष.

तीच साखळी ३ दिवसांची असेल तर १,२०० नग, आणि पंच अजून मशीनवरच असतो. माझ्या कामात साठा कमी करण्याचं खरं बक्षीस हे आहे. जागा-बिगा नंतर.

एक आकडा सगळ्यांनी स्वतः करून बघावा. प्रत्येक पायरीवर ९८ टक्के चांगलं काम होतंय म्हणून समाधान मानणाऱ्यांसाठी : अशा पाच पायऱ्या एकापुढे एक लावल्या तर पहिल्या फटक्यात बिनदोष बाहेर पडणारे जेमतेम ९०.४ टक्के.

आमच्याकडे एक बदल उपयोगी पडला. पूर्वी रिजेक्शन नोट ई-मेलने जायची, आठवड्याने उत्तर यायचं, त्याखाली ठरलेलं वाक्य : "ऑपरेटरला समज दिली." आता दोष सापडला की आमची लाइन लीडर थेट त्यांच्या सेल लीडरला व्हिडिओ कॉल करते. नग हातात, गेज (माप तपासायचं साधन) हातात. साहेब लोक मध्ये नाहीत. पहिल्यांदा दोन्हीकडच्या साहेबांना ते रुचलं नाही. पण त्याच पाळीत कारण सापडण्याचं प्रमाण इतकं वाढलं की आता कुणी विरोध करत नाही.


डॉक नंबर तीन

वाहतुकीचं माझ्याकडून. "थोडा थोडा माल रोज आणा" म्हटलं की ट्रान्सपोर्टवाल्याला अर्धी रिकामी गाडी दिसते, आणि ते बरोबर आहे. यावर दुधाच्या गाडीसारखी फेरी हा उपाय आहे, ज्याला मिल्क रन म्हणतात.

समजा चार पुरवठादार आठवड्याला एकेक भरलेली गाडी पाठवतात. चार गाड्या, चार फेऱ्या. त्याऐवजी आठवड्यातले चार दिवस एकच गाडी चौघांकडे जाऊन प्रत्येकाचा पाव हिस्सा उचलते. फेऱ्या चारच, गाडी भरलेलीच, पण प्रत्येकाचा माल आठवड्यातून चारदा येतो. अंतर थोडं वाढतं. म्हणून पुरवठादार एकमेकांच्या जवळ असतील तरच हे परवडतं. चौघं चार दिशांना असतील तर कुणाच्याही सांगण्यावरून करू नका.

रिकामे बिन (माल भरायचे पुन्हा वापरता येणारे डबे) कुणी मोजत नाही. परतीच्या प्रवासात गाडी हवा वाहून नेण्याऐवजी बिन नेते, तेव्हा एकदा वापरून फेकायचे खोके, फोम, पट्ट्या सगळं बंद होतं. पण बिन परत गेले नाहीत तर पुरवठादार पुन्हा खोक्यात माल भरतो आणि आमच्या डॉकवर तो उलटून बिनमध्ये भरायला दोन माणसं लागतात. भरलेल्या बिनांइतकीच शिस्त रिकाम्यांना लावा. आमच्याकडे नियम आहे : जितके भरलेले उतरले तितके रिकामे चढल्याशिवाय गेटपास नाही.

बिन मोजके असले की कानबान कार्डही (माल मागायची चिठ्ठी) वेगळं लागत नाही. रिकामा बिन हीच ऑर्डर. संख्या काढायला : रोजची गरज ४८०, बिन रिकामा झाल्यापासून भरून परत येईपर्यंत २ दिवस, सावधगिरीचे २५ टक्के, एका बिनमध्ये ४० नग. ४८० गुणिले २ गुणिले १.२५ भागिले ४० म्हणजे ३० बिन. एकतिसावा बिन आणायचाच नाही. तो आणला की जास्तीच्या उत्पादनाला जागा झाली.


जुना स्टोअरकीपर

सगळं वाचलं. मला काळजी वाटते ती लिहितो.

१ फेब्रुवारी १९९७ ला टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या आयसिन सेइकी या कंपनीच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांसाठी लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनायचा. टोयोटाकडे त्याचा साठा फार तर दोन-तीन दिवसांचा. जपानमधले टोयोटाचे असेंब्ली कारखाने जवळजवळ सगळे बंद पडले. अगदी किरकोळ किमतीच्या वस्तूसाठी एवढा मोठा डोलारा ठप्प.

मग जपानमधला ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी. तिथेही तेच, फक्त या वेळी अडलं ते पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे.

मी स्टोअरमध्ये आयुष्य काढलंय. लाइन थांबली की पहिला फोन स्टोअरलाच येतो. साठा म्हणजे वाया गेलेला पैसा, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी अशा दिवशी डॉकवर उभं राहून बघावं.


आकडेमोड

स्टोअरकीपर, तुमची काळजी रास्त आहे आणि दोन्ही उदाहरणं योग्य आहेत. पण त्या गोष्टींचा पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा.

१९९७ च्या आगीनंतर आयसिनने व्हॉल्व्हची ड्रॉइंग इतरांना वाटली. टोयोटाच्या साखळीतल्या आणि बाहेरच्याही साठाहून अधिक कंपन्यांनी मिळेल त्या मशीनवर तो बनवायला घेतला. त्यातल्या अनेकांनी तो कधीच बनवला नव्हता. तीन-चार दिवसांत पहिले नग आले आणि साधारण आठवड्याभरात कारखाने पुन्हा सुरू होऊ लागले. आधी किंमत ठरवून, करार करून हे झालं नाही. वर्षानुवर्षं एकमेकांच्या शॉप फ्लोअरवर जाऊन अडचणी सोडवण्याची सवय होती, म्हणून झालं. ताडपत्री उचलण्याचं महत्त्व इथे आहे.

२०११ नंतर टोयोटाने साठ्याबद्दलचा विचारही बदलला. खालच्या पायऱ्यांवरच्या पुरवठादारांपर्यंत माहिती गोळा केली, आणि चिपसारख्या वस्तू बनायला जितका काळ लागतो त्यानुसार दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा असं ठरवलं. चिपटंचाईच्या सुरुवातीच्या काळात, २०२१ च्या पूर्वार्धात, इतर वाहन कंपन्यांपेक्षा ती कमी अडली त्यामागे हे एक कारण होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये मात्र तिलाही उत्पादन मोठ्या प्रमाणात कमी करावं लागलं.

म्हणजे कुठला साठा हा प्रश्न आहे. ज्या धोक्याचं नाव सांगता येतं, ज्याचा कालावधी मोजता येतो, त्याच्यासाठी ठरवून ठेवलेला साठा वेगळा. शेड्यूलवर विश्वास नाही म्हणून ताडपत्रीखाली वाढत गेलेला वेगळा. ते ९ दिवस आगीसाठी नव्हते, संध्याकाळी सहाच्या फोनसाठी होते.


जुना स्टोअरकीपर

हे पटलं. आमच्याकडे दोन्ही एकाच रॅकवर असतात, म्हणून एक कमी करा म्हटलं की दुसऱ्याची भीती वाटते. वेगळी जागा, वेगळा रंग आणि वापरायचा झाला तर कुणाच्या सहीने, एवढं ठरलं तर माझा विरोध नाही.


प्रेसशॉप

सेटअपचं अर्धवट सोडलं होतं, ते पूर्ण करतो.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याचं सेटअप कमी करण्याचं काम वाचल्यावर मला आधी विश्वासच बसला नव्हता. १९६९ च्या सुमारास टोयोटातल्या १,००० टनी प्रेसचा सेटअप चार तासांवरून सहा महिन्यांत दीड तासावर आणला, आणि पुढच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. आमच्याकडे कसली तीन मिनिटं! पण युक्ती साधी आहे : मशीन बंद ठेवून करायचीच लागतात ती कामं कुठली, आणि मशीन चालू असतानाही करता येतात ती कुठली, हे आधी वेगळं करायचं.

आम्ही एक सेटअप मोबाइलवर शूट केला आणि चहाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून बघितला. १८० मिनिटांपैकी ५० मिनिटं माणूस काहीतरी शोधत होता. क्लँप, पाना, क्रेनची साखळी, आधीच्या वेळी लावलेल्या पॅकिंग पट्ट्या. ४० मिनिटं पहिला नग क्वालिटीकडून पास होऊन येण्याची वाट. डायच्या उंच्या वेगवेगळ्या, म्हणून शट हाइट (प्रेस मिटल्यावर डायसाठी उरणारी उंची) दर वेळी नव्याने लावायची. आम्ही सगळ्या डायखाली पट्ट्या कायमच्या बसवून उंची एक केली, प्रत्येक डायची ट्रॉली केली, आणि गेज प्रेसजवळ आणलं. नवीन मशीन एकही घेतलं नाही. आज २५ ते ३० मिनिटं लागतात. लॉट ४,००० वरून ८०० वर आणला.

इथपर्यंत आनंदाची गोष्ट. पुढचं ऐका. आमच्या एका गिऱ्हाइकाने हे बघितलं, फोटो काढले, त्यांच्या बैठकीत दाखवले, आणि पुढच्या किंमत-वाटाघाटीत "तुमचा सेटअप एवढा कमी झाला, मग दर कमी करा" म्हणून सगळीच बचत काढून घेतली. ज्या पोरांनी शनिवारी थांबून पट्ट्या वेल्ड केल्या त्यांना मी काय सांगू? दुसऱ्या प्रेसवर तेच काम सुरू करायला त्यानंतर कुणी पुढे येईना. वर्ष गेलं.

तर पाना-साहेब, तुमच्या कंपनीत पर्चेसशी बोलता येत असेल तर आधी एवढं लेखी ठरवा : पुरवठादाराने शोधलेल्या बचतीतला त्याचा वाटा किती आणि किती काळ. हे ठरल्याशिवाय कुणीही तुम्हाला खरा सेटअप टाइम सांगणार नाही. माझ्यासकट.


ड्रॉइंगबोर्ड

मी डिझाइनमध्ये आहे. इथे अजून कुणी कागदावरच जन्मणाऱ्या कचऱ्याबद्दल बोललं नाही, म्हणून थोडक्यात.

एका ब्रॅकेटची ब्लँक पट्टी (ज्यातून ब्रॅकेट घडवतात ती सपाट पट्टी) मी २६० मिमी रुंद ठेवली होती. १,००० मिमी रुंदीच्या पत्र्यातून शिअरवर (पत्रा कापायच्या मशीनवर) अशा ३ पट्ट्या निघतात, ७८० मिमी. उरलेले २२० मिमी भंगारात. मला हे चार वर्षं माहीत नव्हतं, कारण ड्रॉइंग देऊन माझं काम संपायचं. एकदा आमच्या पुरवठादारानेच विचारलं, "हा फ्लँज (दुमडलेली कड) १२ मिमी कमी चालेल का?" तपासलं, ताकदीत फरक पडत नव्हता. २४८ मिमी केली. आता ४ पट्ट्या, ९९२ मिमी. त्याच पत्र्यातून एकतृतीयांश जास्त नग. तो २२० मिमी पत्रा खाणीपासून, भट्टीपासून, रोलिंग मिलपासून वाहून आणून आम्ही फक्त परत वितळायला पाठवत होतो.

शॉप फ्लोअरवर कितीही घाम गाळून एवढी बचत झाली नसती. पुरवठादाराला ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी बोलवा.


बारा-तेरा पाना

सात आठवड्यांनी येतोय. प्रत्येकाने मनापासून लिहिलंत, त्यातलं काय करून पाहिलं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

एकच पुरवठादार, एकच ब्रॅकेट कुटुंब, सहा पार्ट नंबर. आधी पर्चेसच्या प्रमुखांकडे प्रेसशॉप यांचा प्रतिसाद छापून घेऊन गेलो. दोन बैठका गेल्या. शेवटी लेखी मिळालं : या सहा नंबरांवरची बचत पहिली दोन वर्षं निम्मी-निम्मी. नंतरचं नंतर बघू.

मग शेड्यूल. लाइनच्या रोजच्या वापराइतकीच मागणी, आणि पुढचे पाच दिवस गोठवलेले. त्यात बदल करायचा तर माझी सही पुरणार नाही, प्लांट हेडची लागेल. सही मागायला जायचं म्हटल्यावर निम्मे "अर्जंट" आपोआप गळाले. रिकामा बिन म्हणजे ऑर्डर. डॉक नंबर तीन यांच्या सूत्राने संख्या काढली, आणि गेटपासचा नियम जसाच्या तसा उचलला. स्टोअरकीपर यांच्या सांगण्याप्रमाणे एका नंबरसाठी ८ दिवसांचा साठा मुद्दाम वेगळा ठेवलाय, कारण त्याची डाय एकच आहे आणि ती मोडली तर दुरुस्तीला आठवडा लागतो. त्याला लाल फळी आहे.

पहिले तीन आठवडे शेड्यूल एकदाही हललं नाही. पुरवठादाराकडचा तयार माल ९ दिवसांवरून ५ वर आला. त्यांना कुणी कमी करा म्हटलेलं नव्हतं. त्यांनीच केला. आमच्याकडे ३ चे साडेतीन झाले, आणि त्याबद्दल मला विचारणा झाली. मी दोन्हीकडची बेरीज दाखवली : १२ ची साडेआठ. पहिल्यांदाच आमच्या बैठकीत बेरजेवर बोलणं झालं.

चौथ्या आठवड्यात फसलं. महिनाअखेर एका मॉडेलची उचल दीडपट झाली, गोठवलेले दिवस मोडावे लागले, पुरवठादाराने रात्रपाळी केली. कारण शोधत गेलो तर आमच्याच विक्री विभागाची महिनाअखेरची सवलत. गिऱ्हाईक तिची वाट बघत थांबतं, पहिले तीन आठवडे कमी घेतं, शेवटच्या आठवड्यात एकदम. महिन्याची एकूण विक्री होती तेवढीच.


प्रेसशॉप

पाच दिवस गोठवलेलं शेड्यूल माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही आजवर दिलेलं नाही. रात्रपाळीचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आदल्या दिवशी दुपारी सांगितलंत की संध्याकाळी सहाला?


बारा-तेरा पाना

दोन दिवस आधी. फोन न करता मी स्वतः गेलो होतो.

सोमवारी विक्रीच्या प्रमुखांबरोबर बसतोय. २६ आठवड्यांचा तो आलेख, चौथ्या आठवड्यातल्या रात्रपाळीचा खर्च, आणि शक्य झालं तर ते स्वतः त्या शेडमध्ये येतील का, एवढं विचारणार आहे. सवलत महिनाअखेर एकदम न देता महिनाभर पसरून कुठे दिली गेल्याचं कुणी पाहिलं असेल तर रविवारपर्यंत लिहा, सोबत नेता येईल.


आकडेमोड

पाहिलंय. मागे जिथे काम करायचो तिथे मासिक लक्ष्याऐवजी विक्रीच्या माणसांचं लक्ष्य सलग तेरा आठवड्यांचं केलं होतं, आणि सगळ्या विभागांचे तेरा आठवडे एकाच दिवशी संपणार नाहीत अशी आखणी केली होती. उचल पूर्ण सपाट झाली नाही, पण शेवटच्या आठवड्याचा डोंगर गेला. त्या वेळी आम्ही केलेला तक्ता माझ्याकडे आहे. नावं आणि आकडे काढून रात्री टाकतो.